ताटातलं पहिलं अक्षर

शिवणकाम करणाऱ्या आजींना चौकशा फार. दसऱ्याचे कपडे शिवायला कोणी आलं, की गळ्याचं माप घेताघेता त्या विचारायच्याच, "तुमच्याकडे दसऱ्याला काय करतात हो?" नर्सबाई म्हणाल्या, आमच्याकडे देवीला निरोप देताना बायका एकमेकींच्या गालांना कुंकू फासतात. सुतार म्हणाला, आम्ही रावण जाळतो. बँकेतल्या बाई पायऱ्या रचून त्यावर बाहुल्या मांडत. आजींच्या घरी आपट्याची पानं सोनं म्हणून वाटत. दिवस एकच आणि तऱ्हा किती! आजींना याची भारी मौज वाटे.

मापं मात्र त्या लिहून घेत नसत. प्रत्येक गिऱ्हाइकाची कागदाची एक पट्टी, तिच्यावर कातरीने मारलेल्या खाचा. लोक म्हणत, जुनी हातोटी आहे! खरं कारण आजींनी चाळीस वर्षं कोणाला, अगदी नवऱ्यालासुद्धा, कळू दिलं नव्हतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

यंदा ही चौकशी अंगाशी आली. सुनेचं माहेर दूरच्या मुलखातलं. "आमच्याकडे ताटात तांदूळ पसरतात आणि लहान मुलाचं बोट धरून पहिलं अक्षर काढतात," ती म्हणाली. "आई, या दसऱ्याला आपल्या छकुलीचं करू. बोट घरातलं मोठं माणूस धरतं. म्हणजे तुम्हीच."

चष्मा, कंबर, सर्दी, आजींच्या सगळ्या सबबी सांगून झाल्या. सुनेने त्या ऐकून घेतल्या आणि दसऱ्याच्या सकाळी पाट मांडला.

नात मांडीत बसली. आजींनी तिचं बोट तांदळावर टेकवलं, ते तिथेच राहिलं. काहीतरी गिरबटून वेळ मारून नेता आली असती. पण पोरीचं पहिलंच अक्षर खोटं? ते काही त्यांच्याच्याने होईना.

"मला येत नाही गं," आजी म्हणाल्या. "एकही अक्षर येत नाही." लाजेने त्यांचे कान तापले.

सुनेने तळहाताने तांदूळ सारखे केले, आजींच्या शेजारी बसली आणि सुया टोचून निबर झालेलं त्यांचं बोट हातात घेतलं.

"आमच्याकडे वयाची अट नसते, आई."

नातीने ओठ काढले. "आजीचं आधी का?"

"कारण आजी तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त थांबलीय," सून म्हणाली.