न सोडलेला दोरा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पायात रुततो तो काटा माझा कुणी लागत नाही, आणि घड्याळातल्या काट्यांची ऐट मला कधी जमली नाही. मी यंत्रमागावरचा, तीन दातांचा, करंगळीएवढा लोखंडी काटा. बेळगावात वडगावच्या एका गल्लीत महादेव अण्णांचं घर आहे. त्या घराच्या पुढच्या खोलीत, मागाच्या एका कडेला मी बसवलेला आहे. माग पाहायला आलेली माणसं लुगड्याचा काठ बघतात, पदर बघतात आणि चहा पिऊन जातात. माझ्याकडे निरखून बघणारी एकच बाई होती. ती आता नाही. तरी मी अजून तिचीच वाट पाहतो, आणि काही वेळा ती येतेसुद्धा. ते कसं, ते सांगतो.

आधी माझं काम समजून घ्या. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. त्यांच्या मधून धोटा इकडून तिकडे पळतो. धोट्याच्या पोटात कांडी असते आणि कांडीवर आडवा धागा गुंडाळलेला असतो. धोटा पुढे गेला, की त्याच्यामागचा धागा माझ्या दातांना हळूच ढकलतो आणि माझी शेपटी वर उचलली जाते. शेपटी उचलली म्हणजे धागा आहे, माग चालू दे. धागा तुटला किंवा कांडी संपली, की मला कुणी ढकलत नाही. शेपटी खालीच राहते, मागची आकडी तिला धरते आणि माग खटकन थांबतो. म्हणजे मी सगळं आयुष्य कुणाचा तरी हलका धक्का लागायची वाट पाहण्यात घालवलं. धक्का लागला, की पुढच्याची वाट.

एक उणीव मात्र माझ्यात जन्मापासूनची आहे. धागा संपला, की मला कळतं. संपत आला, ते कळत नाही.

मी इचलकरंजीत एका जुन्या मागासोबत विकला गेलो. टेम्पोत ताडपत्रीखाली, तवंदी घाटाची वळणं खात इथे आलो. शालूबाई तेव्हा या घरात नवी होती. ती कंग्राळीची, शेतकऱ्याची लेक. तिनं म्हशी हाकल्या होत्या, माग कधी पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी ती कानावर हात ठेवून उभी राहिली आणि माग थांबताच माझ्याकडे बोट करून नवऱ्याला म्हणाली, "ह्यो काय करतोय?"

"धागा हाय का न्हाय ते बघत बसतोय. चुकलं की काम थांबवतोय," महादेव अण्णा म्हणाले.

"म्हंजे सासूबाईंगत की."

आतून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनाल्यास गं?" शालूबाई म्हणाली, "काय न्हाय, काटा लई गुणाचा हाय म्हनाले." माझी पहिली स्तुती झाली ती अशी.

पुढे ती कांड्या भरायला शिकली. मागाशेजारी तिचा चरखा असायचा. अण्णा विणायचे, ती कांड्या भरून टोपलीत टाकायची. माग चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून दोघं ओठांवरून बोलायची. भांडणही तसंच चालायचं, त्यामुळे शेजाऱ्यांना या घरातलं भांडण कधी कळलं नाही. माग बंद पडला, की ती आपल्या अंबाड्यातली पिन काढायची आणि माझ्या दातांत अडकलेला कापूस टोकरून काढायची. तोंड अगदी जवळ आणायची. तिच्या श्वासाला कात-चुन्याचा वास होता.

तिची एक सवय होती. कांडी भरताना ती बुडाशी धाग्याचे थोडे जास्तीचे वेढे द्यायची.

"बुडाला कशाला एवढं गुंडाळतीस?" अण्णा विचारायचे.

"पिठाचा डबा तरी मी कवा खरवडून रिकामा करते? थोडं ऱ्हावं तळाला. रिकाम्या डब्यात हात घालाय मला न्हाय आवडत."

पण मी कांडी साफ रिकामी झाल्याशिवाय थांबणारा नव्हे. तिनं राखलेलं ते थोडंसुद्धा विणलं जायचं. ती रिकामी कांडी हातात घ्यायची, माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "खाल्लास सगळं?"

खंडेनवमीला घरोघरी हत्यारं पुजतात, तसा आमच्याकडे माग पुजला जायचा. शालूबाई मला तेलाच्या फडक्यानं पुसायची, हळदकुंकू लावायची आणि हळदीत भिजवलेला दोरा माझ्या शेपटीला गुंडाळून वरच्या पट्टीला बांधायची. शेपटी वर उचललेली राहायची. "वरीसभर मान वर-खाली करतोयस. आज मान वर करून बस," असं म्हणायची. महादेव अण्णा मागे उदबत्ती धरून उभे असत. हे सगळं त्यांनी दरवर्षी पाहिलं. माग पुन्हा सुरू व्हायच्या दिवशी पहाटे, अण्णा उठायच्या आधी, ती येऊन तो दोरा सोडायची आणि तुळशीत टाकायची. ते मात्र अण्णांनी एकदाही पाहिलं नाही.

मित्रांनो, ही गोष्ट तेवढी ध्यानात ठेवा.

मग शालूबाई थकू लागली. कांड्या सैल भरल्या जाऊ लागल्या. चरखा मध्येच थांबायचा, पुन्हा चालायचा. जिना चढल्यासारखी ती धापा टाकायची, आणि आमच्या घराला जिना नव्हता. माग मात्र चालू होता. माग चालू आहे म्हणजे घरात सगळं ठीक आहे, असा त्या घराचा समज होता. शेवटी शेवटी ती मुलीसाठी एक लुगडं विणून घेत होती. पिकल्या जांभळासारखा रंग तिनं स्वतः निवडला होता. तो रंग देणारा रंगारी धंदा बंद करून गेला, म्हणून त्या सुताच्या सगळ्या कांड्या तिनं एकदमच भरून ठेवल्या. मुलगी रचना लग्न होऊन निपाणीला होती आणि यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करत होती. फोनवर शालूबाई तिला सांगायची, "मी बरी हाय गं. तुझं लुगडं अर्ध्यावर आलंय."

ते अर्ध्यावरच राहिलं. श्रावणातल्या एका दुपारी, पुढच्या कामाच्या कांड्या भरताना, चरखा थांबला आणि पुन्हा चालला नाही. माग तरी धडधडतच होता, कारण माझा धागा शाबूत होता. महादेव अण्णांनी मान वळवून तिला काहीतरी विचारलं. ओठांवरून उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी हातानं माग बंद केला.

पुढचं वर्ष मी न हलता काढलं. अर्धं लुगडं मागावर तसंच होतं. कौलातल्या काचेतून उन्हाचा एक कवडसा यायचा, उभ्या धाग्यांवरून सरकायचा आणि जायचा. दारातून वारा आला, की चरखा अर्धा फेरा घ्यायचा. त्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला अण्णा स्वयंपाकघरातून बाहेर यायचे, चरख्याकडे बघायचे आणि परत जायचे. त्यांनी तो चरखा दोरीनं बांधला नाही की दारही लावलं नाही. माझ्या दातांवर धूळ बसली. त्या धुळीखाली मला एक धागा शिवून जात असल्याचा भास व्हायचा. दर वेळी वाटायचं, आता शेपटी उचलली जाईल.

पुढच्या दसऱ्याच्या चार दिवस आधी रचना आली. तिच्या पिशवीत काडेपेटीएवढी एक डबी होती, तिच्या तोंडाशी हरभऱ्याएवढा दिवा. तिनं ती अण्णांना दाखवली.

"अण्णा, ह्यो डोळा. धोटा इकडच्या कडेला आला, की ह्यो कांडीकडं बघतो. धागा दिसतोय तवर गप्प. कांडीचं लाकूड दिसाय लागलं, की माग थांबवतो. संपायच्या आदी."

"आपला काटा हाय की."

"काटा संपल्यावर सांगतोय."

"मग काय झालं? इतकी वर्सं चाललं."

रचनानं डबीचा दिवा बोटानं झाकला. मग म्हणाली, "आईबी संपल्यावरच कळाली, अण्णा. तुमालाबी, मलाबी."

अण्णा उठले आणि माझ्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसू लागले. "ह्याला तिनं कुंकू लावलेलं हाय," ते म्हणाले. "ह्याला हात लावायचा न्हाय. तिचं लुगडं मी विणतो. तिच्या कांड्यांवर, तिच्या काट्यावर. झालं की घेऊन जा निपाणीला."

रचनानं डबी पिशवीत ठेवली. तिला ते लुगडं हवं होतं. त्या टोपलीतल्या कांड्यांपलीकडे त्या रंगाचं सूत जगात कुठे नव्हतं. एकदा बिघडलं, की बिघडलंच.

खंडेनवमीला अण्णांनी पूजा केली. ती करायची तशीच, अगदी गाठसुद्धा तशीच मारली. दसरा झाल्यावर, चांगला दिवस बघून, त्यांनी टोपलीतली कांडी घेतली, कपाळाला लावली, धोट्यात बसवली आणि माग सुरू केला.

दोरा माझ्या शेपटीला तसाच होता.

काय सांगू मित्रांनो, मला कळलंच नाही. दोऱ्यानं शेपटी वर धरलेली होती, आणि वर्षभर वाट पाहिलेला तो धक्का आता सुटतच नव्हता. मला वाटलं, हा कधीही न संपणारा धागा आहे. वाटलं, शालूबाईनं बुडाशी राखलेलं ते थोडं शेवटी माझ्या वाट्याला आलं. कांडी संपली. धोटा रिकामा पळू लागला. उभे धागे नुसते पुढे सरकत होते, त्यांच्यात आडवं काहीच नव्हतं, आणि माग थांबत नव्हता.

शेजारचे मारुतीराव तंबाखू मळत दारात आले. मागाकडे बघून त्यांचा हात थांबला. जवळ येऊन ते अण्णांच्या कानात ओरडले, "महादेवा, धोटं रिकामं पळायलंय की रं."

अण्णांनी खाली पाहिलं. जांभळं कापड संपून पुढे नुसत्या उभ्या तारा दिसत होत्या, त्यांच्यामधून पलीकडची जमीन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मान वर होती.

माग बंद करायच्या दांड्याकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"बंद कर की," मारुतीराव पुन्हा ओरडले.

"थांब," अण्णा त्यांच्या कानाशी म्हणाले. "काट्याला धागा लागायलाय. आपल्याला दिसंना एवढंच. ती हाय."

मारुतीराव चपला न घालताच मागं सरले. अण्णा मात्र चरख्याकडे तोंड करून ओठ हलवू लागले. आवाज मागाच्या धडधडीत बुडत होता. बऱ्याच दिवसांचं बोलायचं राहिलं होतं बहुतेक. मधेच ते हसलेसुद्धा. मी त्यांच्याइतकाच फसलो होतो. रिकामा माग धडधडत होता आणि लुगड्यात एक भोक विणलं जात होतं.

मारुतीरावांनी हाक मारल्यावर रचना स्वयंपाकघरातून धावत आली. तिनं दांडा ओढला. माग थांबला, आणि त्या शांततेत अण्णांचं एक वाक्य अर्धवट ऐकू आलं: "...मग तवाच सांगायचं न्हाईस व्हय."

रचनानं वाकून माझ्याकडे पाहिलं. पिवळ्या दोऱ्यावर बोट ठेवलं.

"अण्णा, ह्यो सोडला न्हाईसा?"

"सोडायचा असतोय?"

"आई सोडायची. दर साली पहाटं. मी ल्हान असताना निरांजन धरायचे. म्हनायची, बांधून ठिवला तर त्याला काय कळंल?"

अण्णा चरख्याच्या पाटावर बसले. किती तरी वेळ ते त्या नुसत्या उभ्या धाग्यांवर हात ठेवून होते. हातभर पट्टा गेला होता. "मी बांधताना तेवढं बघितलो," ते शेवटी म्हणाले. "म्हंजे मगाशी कोन न्हवतं."

 आपल्या केसांतली पिन काढून रचनानं दोऱ्याची गाठ उकलली. माझी शेपटी खाली पडली. मी इतका रिकामा कधीच नव्हतो.

दोरा तिनं अण्णांच्या हातात दिला. ते उठून तुळशीपाशी गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "तुझा डोळा आन."

तिनं माझ्या समोरच्या कडेला डबी बसवली आणि धोट्याच्या अंगाला खिडकीसारखी फट पाडली. मला वाटलं, आता मला काढणार. पण ती अण्णांना म्हणाली, "काटाबी ऱ्हाऊ दे. धागा मधीच तुटला तर डोळ्याला न्हाय कळायचं. ते ह्यालाच कळतं."

मग टोपलीतल्या कांड्या एकेक करत गेल्या. लाकूड दिसू लागलं, की डोळा माग थांबवायचा, आणि कांडीच्या बुडाशी शालूबाईनं दिलेले वेढे दर वेळी शिल्लक असायचे. अण्णा ती कांडी टोपलीत परत ठेवायचे. लुगडं पुरं झालं. तो उघडा पट्टा मध्येच राहिला.

"निऱ्यांत झाकून जाईल," अण्णा म्हणाले.

"झाकायचं कशाला?" रचना म्हणाली. "कोन इचारलं तर सांगीन, हितं अण्णा आईसंगं बोलत हुते."

ती निपाणीला गेली. अण्णा आता दुसऱ्यांनी दिलेल्या सुतावर साध्या साड्या विणतात. चरख्याशेजारी ती टोपली अजून आहे. कधी वारा येतो, चरखा अर्धा फेरा घेतो. अण्णा येतात, टोपलीत हात घालतात, एखाद्या कांडीचं बूड चाचपून बघतात. थोडं आहे. मग ते परत जातात. ती येते म्हणालो, ती अशी.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी असेल, हलका धक्का लागला तरी ओळखणारं. त्याला कुंकू लावा, उदबत्ती ओवाळा, तुमची इच्छा. पण दुसऱ्या दिवशी दोरा सोडा. दातांतला कापूस काढा. आणि आपल्या माणसाचा चरखा मध्येच थांबायला लागला, तर माग बंद करून एकदा मोठ्यानं विचारा.