राखीव गोलरक्षकाचे मत

ज्याच्यावर गंभीर आरोप झाला आहे, परंतु ज्याचा न्याय अद्याप व्हायचा आहे, अशा माणसाशी त्याच्या सोबत्यांनी कसे वागावे, हा प्रश्न फार जुना आहे. त्याला दोषी मानावे, तर न्यायाधीशाच्या आसनावर आपणच जाऊन बसल्यासारखे होते. काही घडलेच नाही असे मानावे, तर ज्याला इजा झाली त्याला खोटे पाडल्यासारखे होते. या दोहोंमधली वाट अरुंद आहे. तिच्यावरून चालण्याचा प्रसंग एकदा एका लहानशा फुटबॉल क्लबावर आला, आणि त्या वाटेवर सर्वांत पुढे ढकलला गेला तो त्या संघात सर्वांत मागे बसणारा एक गृहस्थ.

हा गृहस्थ व्यवसायाने चष्मेवाला. काचा घासून त्या चौकटीत बसवण्यात त्याचे दिवस जात, आणि शनिवार जाई तो मैदानाच्या कडेला, राखीव खेळाडूंच्या बाकावर. तो संघाचा दुसरा गोलरक्षक होता. पहिला गोलरक्षक कधी आजारी पडत नसे, कधी लंगडत नसे. लग्नालासुद्धा तो सामना नसलेला दिवस पाहून उभा राहिला होता. त्यामुळे दुसऱ्याची पाळी काही येत नसे. असे एक तप उलटले. प्रेक्षकांनी चष्मेवाल्याला ‘बाकेश्वर’ अशी पदवी बहाल केली, आणि त्यानेही ती नम्रपणे स्वीकारली. बाकावर बसण्याचे शास्त्र त्याने पुरते आत्मसात केले होते. नेहमी डाव्या टोकाला बसावे, कारण प्रशिक्षक रागावले की पाण्याची बाटली उजवीकडे भिरकावतात. मधली फळी टाळावी, कारण ती चिमटा घेते. आणि आपला संघ पिछाडीवर असताना शेंगदाणे खाऊ नयेत, कारण तो आवाज सर्वांना ऐकू जातो.

पहिला गोलरक्षक म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. चेंडू त्याच्या हाताला असा चिकटे, की सारे त्याला ‘डिंक्या’ म्हणत.

एका संध्याकाळी पावरोटीच्या दुकानाजवळच्या वळणावर एका मोटारीने टपालवाल्या बाईंच्या सायकलीला धडक दिली आणि मोटार न थांबता निघून गेली. बाईंच्या पायाची दोन हाडे मोडली. दवाखान्यातल्या खाटेवरून त्यांनी पोलिसांना सांगितले, की गाडी डिंक्याची होती आणि चाकामागे डिंक्याच होता. दिव्याच्या उजेडात आपण त्याचा चेहरा पाहिला. डिंक्याचे म्हणणे असे, की गाडी दारात उभी होती आणि आपण घरात गाढ झोपलो होतो. खटला दाखल झाला. कोर्टाने तारीख दिली ती काही महिन्यांनंतरची. आणि चषकाचा अंतिम सामना येऊन ठेपला होता तो याच शनिवारी.

डिंक्याला खेळू द्यावे की निकाल लागेपर्यंत बाजूला बसवावे, यावर क्लबच्या समितीत दोन मते इकडे आणि दोन तिकडे झाली. उरले पाचवे मत, खेळाडूंच्या प्रतिनिधीचे. हे पद वर्षानुवर्षे बाकेश्वराकडे होते, कारण सामन्याच्या वेळी लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायला मोकळा असा तोच एक असे.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी डिंक्या बहिणीकडे जेवायला आला. ताटावर बसता बसताच म्हणाला, “भावोजी, उद्या सांभाळून घ्या हं.”

“काय सांभाळू?”

“मत. तुमचंच तेवढं उरलंय.”

बाकेश्वराने घास खाली ठेवला. “तू चालवत होतास का रे गाडी?”

“नाही म्हणून किती वेळा सांगू? झोपलो होतो मी.”

“बरं.”

“बरं काय? विश्वास नाही माझ्यावर?”

“ठेवावासा वाटतो. पण मी तिथे नव्हतो, आणि ती बाई होती.”

डिंक्या लालबुंद झाला. “मग सरळ सांगा ना, की गोलमध्ये उभं राहायचंय! इतकी वर्षं हातमोजे घालून बसलाय, हात शिवशिवत असतील!”

हे वाक्य बाकेश्वराला झोंबले, कारण ते खरे होते. दुकानात गिऱ्हाईक नसले, की तो काचेच्या कपाटासमोर गुडघे वाकवून उभा राही. फळीवरून चष्म्याचे घर निसटले तर ते जमिनीला टेकण्याआधी झेप घेऊन पकडी, आणि मग हळूच इकडे तिकडे पाही, कोणी पाहिले तर नाही ना. एकच सामना, एकदाच, एवढे एकच मागणे त्याने आयुष्याकडे मागितले होते. ते आता समोर आले होते, पण असल्या वेषात!

बायको आतून भांडे घेऊन आली. तिने दोघांनाही वाढले, आणि नवऱ्याला म्हणाली, “मत काय द्यायचं ते दे. माझा भाऊ आहे म्हणून त्याला वाचवू नकोस, आणि लोक काय म्हणतील म्हणून बुडवूही नकोस. पण निकाल काहीही लागो, शनिवारी रात्री तुम्ही दोघंही इथेच जेवणार आहात. तोंडं पाडायची असतील तर बाहेर पाडून या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकेश्वर दाढीला गेला. न्हाव्याचे दुकान मैदानाच्या समोरच होते. अर्ध्या संघाची डोकी त्याच्या हातांखालून जात. आणि हा न्हावी म्हणजे टपालवाल्या बाईंचा नवरा. बाकेश्वराला क्षणभर वाटले, आज खुंट तसेच राहू द्यावेत. पण तोवर न्हाव्याने खुर्ची झटकली होती.

“आज बैठक ना?” फेस लावता लावता न्हाव्याने विचारले.

“हो.” गळ्याशी वस्तरा असताना माणसाने मितभाषी असावे, हे बाकेश्वर जाणून होता.

“हलू नका. मी काही विचारणार नाही तुम्हाला.” न्हावी म्हणाला, आणि लगेच बोलू लागला. “तो गुन्हेगार आहे असं मी म्हणत नाही. ते कोर्ट बघेल. बायको म्हणते तोच होता, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. तिच्याशी संसार करतोय मी, काही दुसऱ्याशी नाही. पण ते राहू द्या. दवाखाना कुठे आहे, ठाऊक आहे ना?”

“मैदानामागे.”

“गाल आत घ्या. हं. तर डिंक्यानं चेंडू अडवला, की अख्खं मैदान ओरडतं, ‘डिंक्या! डिंक्या!’ खिडकीतून सगळं ऐकू येतं. मागच्या शनिवारीही आलं. ती पाय टांगून पडली होती. मला म्हणाली, खिडकी लाव. लावली, तरी ऐकू येत होतं.” वस्तरा थांबला. “आता सांगा, काय करू? कापूस घालू तिच्या कानात?”

 दाढी नेहमीसारखीच गुळगुळीत झाली. एक ओरखडासुद्धा उठला नाही. त्या गोष्टीनेच त्याला अधिक लाज वाटली.

संध्याकाळी बैठक भरली ती खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोलीत. भिंतीवरच्या खुंट्यांना ओले सदरे लटकत होते. क्लबच्या अध्यक्षा दातांच्या डॉक्टर होत्या. समोरचा बोलू लागला, की त्यांची नजर आपोआप त्याच्या दाढांकडे जाई. आरंभी समितीतले वकीलसाहेब उभे राहिले.

“आज आरोप झाला म्हणून याला बसवलं, तर उद्या समोरचा संघ आपल्या कुणावरही तक्रार ठोकेल आणि परवा मैदान मोकळं! खटला चालायला महिने लागतील. तो सुटला, तर हा सामना त्याला कोण परत देणार? न्यायाच्या आधी शिक्षा मी मान्य करणार नाही.”

हे बोलणे वजनदार होते, आणि बाकेश्वरालाही ते पटले. म्हणूनच तो चाचरत उठला. “वकीलसाहेब, एक शंका आहे. बाकावर बसणं ही शिक्षा आहे का?”

“अलबत! आणि तीही चारचौघांत.”

“मग माझा गुन्हा कोणता?” बाकेश्वर म्हणाला. “इतकी वर्षं भोगतोय. आरोपपत्र तरी दाखवा.”

खोलीत असा हशा पिकला, की बाहेर थांबलेल्या प्रशिक्षकांनी दार उघडून आत डोकावून पाहिले. वकीलसाहेबसुद्धा मिशीत हसले.

हसू ओसरल्यावर बाकेश्वर पुढे बोलला, या वेळी न चाचरता. “डिंक्याला तुरुंगात घालणं, सोडणं, हे कोर्टाचं काम. त्यात आपण नाक खुपसायचं नाही. पण गोलमध्ये कोणी उभं राहायचं, हे कोर्ट ठरवत नाही. तो मान आपण देतो. त्याच्यासाठी ज्या टाळ्या पडतात त्या आपल्या असतात, आणि त्या मागच्या दवाखान्यापर्यंत ऐकू जातात. मी म्हणतो, तो मान निकालापर्यंत थोडा बाजूला ठेवू या. त्याची खुंटी त्याचीच राहील. सरावाला तो आपल्यातच येईल. त्याला कोणी गुन्हेगार म्हटलं, तर आधी माझ्याशी गाठ आहे. आणि सुटला, तर मैदानाच्या मधोमध, सगळ्यांसमोर, मी त्याच्या हातात मोजे देईन. पण शनिवारी त्यानं बसावं.”

“वा!” लाकडी सामानाचे व्यापारी असलेले सभासद टाळी वाजवत म्हणाले. “मतही तुमचं आणि जागाही तुमचीच! छान सोय लावलीत!”

बाकेश्वराला हे अपेक्षित होते. त्याने पिशवीतून आपले हातमोजे काढले. इतकी वर्षे होऊनही ते नव्यासारखेच होते. ते त्याने टेबलावर ठेवले. “म्हणूनच मी खेळणार नाही. दुसरा कोणी उभा करा.”

 एवढ्यात अध्यक्षाबाई म्हणाल्या, “उचला ते.”

“बाई, पण लोक म्हणतील...”

“म्हणतीलच. मी दाढ उपटते तेव्हा लोक मला काय काय म्हणतात, ते ऐकलंय का कधी? म्हणून मी पक्कड खाली ठेवत नाही. संघात तिसरा गोलरक्षक नाही. तुमचा त्याग आम्हाला परवडणारा नाही. मत दिलंत ना? आता त्याचं ओझंही तुम्हीच वाहा.”

निष्कलंक राहण्याची तेवढी एक सोपी वाट बाकेश्वराला सापडली होती. तीही बंद झाली. त्याने मोजे उचलले.

शनिवारी मैदान खचाखच भरले. बाकेश्वर गोलकडे निघाला, तेव्हा कोणीतरी ओरडले, “मेहुण्याची जागा ढापली रे!” सामना ऐन रंगात येण्याआधीच एक साधा चेंडू त्याच्या दोन पायांमधून सुखरूप आत गेला. संघातल्या आघाडीच्या खेळाडूने लवकरच बरोबरी साधली म्हणून, नाहीतर धडगत नव्हती.

मध्यंतरात तो बाकापाशी आला. डिंक्या उजव्या टोकाला बसला होता, अंगावर क्लबचा कोट आणि त्या कोटावर पाण्याचा मोठा ओघळ. पायाशी बाटली पडली होती.

“त्या टोकाला बसतात का कधी?” बाकेश्वर म्हणाला. “इकडे ये, डावीकडे. मधली फळी टाळ. आणि लोकांकडे बघू नकोस, खेळाकडे बघ.”

डिंक्या सरकला. पायाशी पडलेली बाटली उचलत म्हणाला, “भावोजी, हे फार अवघड आहे हो.”

“होते सवय,” बाकेश्वर म्हणाला. “तुला ती न होवो.”

उत्तरार्धात समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. त्यांचा कर्णधार चेंडू ठेवून मागे सरला. बाकेश्वराने गुडघे वाकवले. मैदान चिडीचूप झाले, आणि त्या शांततेत बाकाच्या डाव्या टोकाकडून हाक आली. डिंक्या उभा राहिला होता, दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडत होता.

“भावोजी! उजवीकडे! तो डावं दाखवतो आणि उजवीकडे मारतो!”

कर्णधार दचकला; पण वर्षानुवर्षांची सवय एका हाकेने थोडीच मोडते? बाकेश्वराने उजवीकडे अंग झोकून दिले, अगदी चष्म्याच्या घरासाठी झोकावे तसे. चेंडू त्याच्या कानावर आदळला आणि खांबावरून बाहेर गेला. मैदान उसळले. “बाकेश्वर! बाकेश्वर!” त्या आरोळ्या छपरांवरून मागच्या खिडक्यांपर्यंत गेल्या असतील. फाटकाशी एक माणूस, गळ्यात दुकानातला पांढरा कपडा तसाच ठेवून, उभा होता. तो न्हावी होता. त्याने बाकाकडे पाहिले नाही. गोलकडे पाहून मात्र त्याने टाळ्या वाजवल्या.

चषक मिळाला नाही. अखेरीस एक चेंडू बाकेश्वराच्या बोटांना चाटून आत गेला. डिंक्याच्या हाताला तो चिकटला असता, हे मैदानात सर्वांना ठाऊक होते आणि बाकेश्वराला सर्वांहून अधिक. त्याचे बोट सुजले होते. मोजा निघेना. डिंक्याने जवळ बसून, फुंकर घालत घालत, तो हळूहळू काढला. मग मान वर करून तो मैदानामागच्या खिडक्यांकडे बराच वेळ पाहत राहिला.  दोघे बरोबर चालत जेवायला घरी गेले.

निकालाचा दिवस अजून यायचा आहे. तोवर त्या बाईंचा पाय सुखाने सांधला जावो, आणि सायकलीची घंटा पुन्हा दारोदार वाजो. डिंक्या निर्दोष असेल, तर त्याची जागा त्याला मानाने परत मिळो; नसेल, तर खरे बोलण्याचे बळ त्याला त्या बाकावरच लाभो. न्हाव्याचा हात असाच स्थिर राहो. आणि बाकेश्वराला, योग्य वेळ येईल तेव्हा, डाव्या टोकाचे आपले ते जुने आसन शांत मनाने पुन्हा लाभो.