कुंभारणीची पाचवी खोली

नमिताने झाडू उलटा धरून फटका मारला आणि गॅलरीच्या भिंतीवरच्या माशीच्या घरट्यातून मातीचा एक टवका निखळून फरशीवर पडला. दुसरा फटका मारायला तिने हात उचलला, तोवर तिचे सासरे मधे येऊन उभे राहिले होते. वामनमिस्त्री काठी न घेता उठले होते. गेल्या दीड वर्षात ते असे उठले नव्हते, त्यामुळे नमिताला माशीपेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटली. हे पडले तर नवऱ्याला काय सांगायचं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

“मारू नको,” ते म्हणाले. “आत कोन हाय ते बग आदी.”

तिने पाहिलं. एसीच्या पाइपाशेजारी मुठीएवढं मातीचं घर होतं; बोटं जुळवून ठेवावीत तशा पाच खोल्या. सगळ्यात खालची, पाचवी, फुटली होती. आत बारीक बारीक कोळी एकावर एक रचलेले होते, मेल्यासारखे, पण एखाद्याचा पाय अजून हलत होता. आणि त्यांच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढं एक पांढरं अंडं. नमिताच्या अंगावर काटा आला, तरी तिची नजर तिथून हलेना.

आता यात नमिताचं चुकलं असं कुणी म्हणू नये. घरात चार वर्षांची लेक, रुतिका. तिच्या बालवाडीतल्या एका मुलीला गांधीलमाशी चावून डोळा मिटेपर्यंत तोंड सुजलं होतं आणि तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरला होता. ही गांधीलमाशी नव्हे, कुंभारीण आहे, ती आपणहून कुणाच्या वाटेला जात नाही, हे सासूबाई आठ दिवस सांगत होत्या. पण बारीक कमरेची, पिवळ्या पायांची माशी डोक्याभोवती भुणभुणू लागल्यावर तिचं नावगाव विचारत कोण बसतं?

वामनमिस्त्रींची गोष्ट वेगळी होती. त्यांचा आणि त्या माशीचा धंदा एकच होता.

उलव्यात हे टॉवर उभे राहण्याच्या कितीतरी आधी, खाडीकाठच्या त्यांच्या गावातली भातशेती नव्या शहरासाठी गेली. गाव हळहळत बसलं होतं तेव्हा एकोणीस वर्षांच्या वामनने गवंड्याच्या हाताखाली काम धरलं. आपल्याच शेतावरच्या भिंती लिंपायला जातोस, म्हणून बापाने महिनाभर अबोला धरला. पुढची बेचाळीस वर्षं वामनमिस्त्रींनी नेरूळपासून उलव्यापर्यंत गिलावा केला. त्यांच्या गिलाव्याला भेग म्हणून जात नसे. देवाची तसबीर टांगायला कुणी खिळा ठोकू लागलं तर दोन खिळे वाकायचे, भिंत दाद द्यायची नाही. लोक तशी तक्रार घेऊन आले की मिस्त्री वरवर दिलगिरी दाखवायचे आणि दिवसभर खुशीत असायचे.

मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. गेला म्हणजे जागच्या जागी राहिला, पण बधिर झाला आणि थरथरायला लागला. तोंडापर्यंत नेलेला घास निम्मा अंगावर सांडायचा. सहाव्या मजल्यावरच्या गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसून समोर चढत्या टॉवरच्या गिलाव्याला नावं ठेवणं एवढंच काम मिस्त्रींना उरलं. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती सांगेल ते तिच्यासमोर करायचे आणि तिची पाठ वळली की हात मांडीखाली दडपून ठेवायचे. त्यांना त्या हाताची लाज वाटायची.

आणि दिवाळीच्या जरा आधी कुंभारीण आली.

समोरच्या प्लॉटवर टँकरचं पाणी सांडून चिखल व्हायचा, तिथून ती गोळी करून आणायची. गोळी भिंतीला टेकवली की सगळं अंग थरथरवत बारीक आवाज करायची, आणि त्या थरथरीने चिखल सैल होऊन पातळ थरात पसरायचा. पहिल्या दिवशी ते पाहून मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले. स्लॅब भरताना काँक्रीट बसावं म्हणून त्यात व्हायब्रेटर सोडतात. ते यंत्र साइटवर आलं तेव्हा मिस्त्री तिशीत होते आणि इंजिनिअरने ते मोठ्या तोऱ्यात चालवून दाखवलं होतं. ही बया ते यंत्र अंगात घेऊनच जन्माला आली होती. एका खोलीला सत्तावीस खेपा. ओळंबा नाही, पट्टी नाही, वर ओरडणारा मुकादम नाही, आणि गोलाई अशी की बोट फिरवलं तर कुठे अडायचं नाही. बेचाळीस वर्षांत मिस्त्री कुणाच्या कामापुढे वाकले नव्हते. त्या भिंतीपुढे मात्र त्यांना देवळात वाटतं तसं लहान वाटलं, आणि बरंही वाटलं.

त्यांच्या बायकोला, भागीरथीबाईंना, यात नवल वाटत नव्हतं. कुंभारीण किडा धरून आणते, कोंडून घालते आणि बाहेरून गुणगुणत राहते. तो आवाज ऐकून ऐकून किड्याला तिचाच ध्यास लागतो आणि किड्याचीच कुंभारीण होते, असं त्यांना आजेसासूने सांगितलेलं होतं. नमिताने मोबाइलवर शोधून सांगितलं की तसं नसतं, आत अंडं असतं आणि अळी कोळी खाऊन वाढते. भागीरथीबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मोबाइलची कीव केली.

फटका बसला त्या दिवशी मिस्त्री दुपारपर्यंत कुंभारणीची वाट पाहत होते. आपलं काम कुणी फोडलं तर कुठलाही गवंडी आधी येऊन चार शिव्या देतो आणि मग दुरुस्तीला लागतो. पण ती आली नाही. पाचवी खोली बंद करून ती आदल्या दिवशीच गेली होती. ती परत येतच नसते, भागीरथीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. पोरं कधी निघतात, निघतात की नाही, काही बघत नाही. मिस्त्रींना हेही ओळखीचं वाटलं. एवढ्या घरांच्या भिंती केल्या, आत राहायला कोण आलं ते त्यांनी तरी कुठे पाहिलं होतं?

दोनच्या सुमाराला पाइपावरून मुंग्यांची रांग चढू लागली. तेव्हा मिस्त्रींनी नमिताला माळ्यावरची हत्यारांची पिशवी काढायला लावली. बाथरूमच्या फरश्या बसवल्या तेव्हाचं पांढरं सिमेंट डब्यात उरलं होतं. ते त्यांनी डाव्या हाताने वाटीत कालवलं. नमिताने ओल्या फडक्याने मुंग्या टिपल्या. मिस्त्रींनी कोपरे काढायची सगळ्यात लहान थापी उजव्या हातात घेतली, डाव्या हाताने उजव्याचं मनगट आवळून धरलं आणि फुटलेल्या खोलीला हात घातला. थापीवरचं निम्मं सिमेंट फरशीवर पडत होतं. पाऊण तास लागला. घामाने सदरा पाठीला चिकटला. शेवटी बटणाएवढी एक चकती भिंतीत अशी बसली की फक्त रंगाने वेगळी दिसावी.

नमिताने त्याचा व्हिडिओ काढला. हरेशने, तिच्या नवऱ्याने, कामावरूनच तो घरच्यांच्या ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत गावाकडच्या माणसांचे फोन येत राहिले की मिस्त्री परत कामाला लागले म्हणे. मिस्त्री उगाच वैतागल्यासारखं करत होते. पुढचे आठ दिवस ते सकाळ-संध्याकाळ चमच्याने त्या चकतीवर पाणी सोडत होते, कारण पाणी मारलं नाही तर सिमेंट कच्चं राहतं. आता ते उजव्या हाताने जेवू लागले होते, सांडत का होईना. सोसायटीने औषध मारायला माणूस पाठवला तेव्हा नमितानेच त्याला दारातून परत पाठवलं.

तीनेक आठवड्यांनी एका सकाळी पहिल्या खोलीवर ओला डाग दिसला. डागाच्या मधे सुईएवढं भोक पडलं, ते गोल गोल वाढत गेलं, आणि त्यातून दोन मिशा बाहेर आल्या. सगळं घर गॅलरीत जमा झालं. नवी कुंभारीण बाहेर आली, भिंतीवर थोडी थांबली आणि सहाव्या मजल्यावरून एकदम हवेत गेली. तिने उडून बघितलंही नव्हतं याआधी. भागीरथीबाईंनी हात जोडले. आईच्या कडेवरून रुतिकाने विचारलं की हिला दार कुठे आहे ते कुणी सांगितलं.

तीन दिवसांत चौघी गेल्या. पाचवी निघाली नाही.

चौथ्या दिवशी मिस्त्रींनी भिंतीला कान लावला. आतून करकर ऐकू येत होती. त्यांना आनंद झाला. दुपारी पुन्हा कान लावला, करकर चालूच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंदावली होती. मग त्यांनी चष्मा लावून वरच्या चार भोकांच्या कडा नीट पाहिल्या. कडा ओलसर होऊन विरघळलेल्या होत्या. आतली माशी थुंकीने माती भिजवायची आणि भिजलेली माती कुरतडायची. समोरच्या प्लॉटवर सिमेंटच्या गोण्यांचा ढीग होता आणि कुंभारणीने तो रोज पाहिला होता. तरी तिने माती घेतली, कारण भिंत कुणासाठी बांधतेय ते तिला ठाऊक होतं. सिमेंट थुंकीने विरघळत नाही. आणि मिस्त्रींनी नुसतं सिमेंट लावलं नव्हतं, आठ दिवस पाणी पाजून ते पक्कं केलं होतं.

त्यांनी नमिताला हाक मारली आणि सांगितलं. ती रडवेली झाली. आपण त्या दिवशी झाडू मारला नसता तर हे झालंच नसतं, असं म्हणू लागली.

“तुज्यानं भिंत पडली, पोरी,” मिस्त्री म्हणाले. “दार मी बंद केलं.”

छिन्नी लावली तर आतली चिरडली असती. भागीरथीबाईंनी गोधड्या शिवायचं दाभण आणून दिलं. मिस्त्रींनी ते उजव्या हातात धरून भिंतीपाशी नेलं, टोक कसं नाचतंय ते पाहिलं आणि दाभण नमिताच्या हातात दिलं. काय करायचं ते शेजारी उभे राहून सांगू लागले. सिमेंटच्या नादाला लागायचं नाही. नवं काम जुन्याला कधी पुरतं धरत नाही. तेव्हा चकती जिथे मातीला चिकटलीय ती कड कापसाने भिजवायची आणि गोल गोल कोरत जायचं, टोक आत जाऊ द्यायचं नाही. नमिताने तासभर कोरलं. मधेच आतला आवाज थांबला. तिने सासऱ्यांकडे पाहिलं.

“थांबू नको,” ते म्हणाले.

शेवटी चकती अख्खीच्या अख्खी सुटून तिच्या तळहातावर आली. चकतीला केसाएवढीही भेग नव्हती. मिस्त्रींनी त्या कामाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर भोकात होती आणि भोकात काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. बराच वेळ गेला. मग आत काहीतरी घसटल्यासारखं झालं. ती बाहेर येऊन पडली तर म्हणून मिस्त्रींनी उजवा पंजा उघडा करून भोकाखाली धरला.

“बाबा, चावेल,” नमिता हळूच म्हणाली.

“चावू दे. हक हाय तिचा.”

आधी एक मिशी बाहेर आली, मग डोकं. तोंडाला सिमेंटची पांढरी भुकटी लागलेली होती. ती भोकाच्या कडेवरून घसरली आणि मिस्त्रींच्या तळहातावर पडली. हात थरथरत होता. तिने सहाही पाय पसरून त्या थरथरीवर तोल धरला आणि ती उभी राहिली. पुढच्या पायांनी तोंड पुसलं, एकदा, दोनदा, पांढरं जाईपर्यंत. एक पंख मागच्या पायाने सरळ केला, मग दुसरा. भागीरथीबाई दारात पोळपाट हातात घेऊन थांबल्या होत्या. मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांनी दुसराही हात हलवला नाही. मग ती कठड्यावरून प्लॉटच्या दिशेने उडून गेली.

कुंभारणीचे पाय त्या हाताला कळले की नाही, ते मिस्त्रींनी कुणाला सांगितलं नाही. नमिताने चहा करून आणला आणि खुर्चीशेजारी ठेवला. चहावर साय धरली तरी मिस्त्री भिंतीपाशी उभेच होते, आणि तो हात त्यांनी तसाच उघडा धरून ठेवला होता.