तेरा नंबरचा नट

बाबांना गाडीचं काही पटेना, आणि बाबांना पटेना म्हणजे गॅरेजमध्ये कोणाचंच काही चालेना.

गाडी त्यांचीच. दोन दारांची, बुटकी, ढकलायचं काम मागच्या चाकांकडे असलेली. गेली तीस वर्षं घाटातल्या शर्यतीत तीच पळत होती. तिच्याबद्दल कोणी वाकडा शब्द काढला की बाबांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. आणि आता तेच येताजाता तिला बोल लावत होते.

"मुकी झालीय. खालून काही निरोपच येत नाही."

निरोप हा बाबांचा खास शब्द. रस्ता कुठे निसरडा आहे, चाक कधी सुटणार, ब्रेकमध्ये किती जीव उरलाय, हे सगळं म्हणे गाडी चालवणाऱ्याच्या तळपायात सांगते. त्यासाठी त्यांच्याकडे पातळ तळाचे वेगळे बूट होते, फक्त ही गाडी चालवायला. बारकीने लहानपणी ते एकदा खेळायला घेतले होते, तर घरात असा काही गहजब झाला की तिने पुन्हा त्या कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही.

बारकी म्हणजे त्यांची मुलगी. आता चौतिशीची झाली, बाबांनी उभं केलेलं गॅरेज सहा वर्षं एकटीने सांभाळतेय, पण नाव काही मोठं झालं नाही. इंजिनाच्या ज्या सांदीत कोणाचा हात जायचा नाही तिथे हिचा जायचा, म्हणून बारकी. गिऱ्हाइकंही बारकीताईच म्हणतात. सस्पेन्शनच्या कामात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं आणि हे तिला चांगलं माहीत होतं. म्हणूनच तर तिला ते जास्त लागत होतं. चार महिने, तीन फेऱ्या, आणि घरचीच गाडी तिच्या हाताला दाद देत नव्हती!

रविवारी शर्यत होती. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही, असा साडेतीन किलोमीटरचा चढ. साठीपुढच्या चालकांच्या गटात बाबांचं नाव कधीच देऊन झालेलं.

सुरुवात शॉकअपपासून झाली होती. बारकीचं म्हणणं, आधी इंजिनची थोडी ताकद वाढवू, हवा आत घेणारी नळी मोठी करू, बाकी नंतर बघू. बाबांनी उडवून लावलं. "ताकद काय, कोणीही वाढवतं. आधी गाडीला बोलतं कर." मग दोघं टेबलावर याद्या पसरून बसले. मऊ-कडक करता येणारे शॉकअप घ्यावेत की सरळ शर्यतीचे? बारकी पहिल्याच्या बाजूची, बाबा दुसऱ्याच्या, आणि शेवटी अर्थातच बाबांचं खरं झालं. शॉकअप बसवले, गाडी चालवली. मुकी! मग स्प्रिंगा बदलल्या, गाडी तीन बोटं खाली आली. तरी मुकी. मग चाकांच्या सांध्यातले रबरी बुश काढून दगडासारखे कडक बुश ठोकले. आता रस्त्यावर नाणं पडलेलं असतं तर छापा की काटा ते सांगता आलं असतं. बारकीचे दातावर दात आपटत होते. आणि बाबा कंबर चोळत गाडीतून उतरले आणि म्हणाले, "पाठ आपटते ग. पण निरोप नाही."

गाडी सोडून दुसरीकडे बघावं, हे दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आलं असतं. आईच्या आलं असतं, कारण आईला गाडीतलं ओ का ठो कळत नाही. पण बारकी पडली मेकॅनिक. माणूस तक्रार घेऊन आला की वाकून गाडीखाली बघायचं, हीच तिला सवय. तिने प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासला. चाकं अधांतरी असताना बुश आवळले गेले असतील का, म्हणून ते सगळे सैल करून, गाडी जमिनीवर टेकवून, पुन्हा आवळले. ब्रेकला जास्त धरणारे पॅड घातले. स्वतःच्या हाताबद्दलच तिला शंका यायला लागली. जेवताना आई म्हणाली, "अगं, घास तरी चावून खा," तर ती आईवरच खेकसली.

शुक्रवारी सकाळी बाबा स्वतः गॅरेजमध्ये आले. आता फक्त पुढच्या शॉकअपची वरची बैठक बदलायची राहिली होती. तिथलं रबर काढून त्या जागी निव्वळ धातूची.

"हो बाजूला, मी खोलतो," म्हणाले आणि बॉनेट उघडून पाना घेऊन वाकले. दोन नट निघाले. तिसरा बोटांतून निसटला.

"गेला!" बाबा म्हणाले.

तेरा नंबरचा नट. लहान नाही, हरवावा असा तर मुळीच नाही. पण जमिनीवर पडल्याचा आवाजच आला नाही. बारकी टॉर्च घेऊन इंजिनाच्या सांदीसांदीत हात घालून आली, चुंबक फिरवला, गाडीखाली आडवी झाली. नट नाही.

"तुझ्या गॅरेजमध्ये हत्ती हरवेल," बाबा करवादले. "माझ्या वेळेला इथे जमिनीवर जेवायला बसावं असं होतं."

"तुमच्या वेळेला इथे एकच गाडी असायची, बाबा."

बाबा हसले. दुसरा नट आणला, काम पुढे गेलं. बाबा दिवसभर गॅरेजभर हिंडले, कामावरच्या पोरांपैकी याला हटकलं, त्याला शिकवलं, समोरच्या टपरीवर तीनदा चहाला जाऊन आले. दुपारी चारला गाडी लिफ्टवरून खाली आली.

आता पहिली फेरी. त्यांच्या गॅरेजचा एक नियम होता, बाबांनीच घातलेला: ज्याने पाना फिरवला त्याने पहिल्या फेरीला चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचं. आपल्या कामावर आपलाच जीव पणाला लागला की हात सैल पडत नाही. बारकी शेजारच्या सीटवर जाऊन बसली. बाबांनी दार उघडं ठेवलं, सीटच्या कडेवर टेकले आणि पातळ बूट घालण्यासाठी कामाचे बूट उतरवायला लागले.

उजव्या बुटातून काहीतरी टण्णकन जमिनीवर पडलं आणि घरंगळत गेलं.

"अरेच्चा!" बाबा मोठ्याने हसले. "हा इथे होता होय! आणि तू गाडीखाली लोळत बसलीस सकाळभर."

बारकी हसली नाही. तिचं लक्ष त्यांच्या मोज्यावर गेलं होतं. टाचेच्या पुढे रुपयाएवढा लाल डाग होता, कडेने वाळलेला, मध्ये ओला.

"बाबा, टोचला नाही तुम्हाला?"

"कामात असलं की कळतं का माणसाला?"

"साडेनऊपासून! तीनदा चहाला गेलात त्याच्यावरून चालत!"

"आता एवढ्याशा खरचटण्याचं काय घेऊन बसलीस?" त्यांनी घाईघाईने पातळ बूट चढवला. "चल, उजेड आहे तोवर जाऊन येऊ."

बारा वर्षं झाली होती बाबांना मधुमेह जडून. साखरेने पायांची जाणीव जाते म्हणून डॉक्टरांनी पायांची तपासणी करायला सांगितली त्याला दोन वर्षं झाली. गाडीची सर्व्हिसिंग एक दिवस न चुकवणारा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत राहिला, आणि तिनेही हो म्हटलं. शॉकअप, स्प्रिंगा, बुश, पॅड. चार महिने ती भलत्याच रोग्यावर इलाज करत होती.

बाबांनी किल्ली लावली. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आधी डोळे मिटा."

"हा काय पोरखेळ?"

"मिटा ना, बाबा."

त्यांनी मिटले. तिच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून मिटले असतील.

"ब्रेकवर पाय ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा."

उजवा पाय उचलला गेला, जरा हलला आणि अगदी आत्मविश्वासाने खाली टेकला.

"ठेवला."

"कुठे?"

"ब्रेकवर! झालं समाधान?"

बारकीने वाकून त्यांच्या पायाकडे बघितलं.

"बघा," ती कशीबशी म्हणाली.

बाबांनी डोळे उघडले, खाली बघितलं. पाय ॲक्सिलरेटरवर होता. मग त्यांनी सावकाश, नजर न हलवता, तो उचलून ब्रेकवर नेला.

"असं बघून ठेवतो मी," ते म्हणाले. "बघितलं की जमतं."

"कधीपासून?"

"शॉकअप बदलले त्याच्या आधीपासून." त्यांनी किल्ली पुन्हा बंदच्या खुणेवर आणली. "मला वाटलं गाडीचंच असेल. गाडीचंच असावं, असं वाटत होतं ग."

तेव्हा मात्र बारकीचा बांध फुटला. "आणि मी तुम्हाला खुशाल त्या घाटात पाठवत होते! खाली बघत वळण घेणार होतात का? मला एक शब्द सांगता येत नव्हता? जास्त धरणारे ब्रेक घालून देत होते मी तुम्हाला, मूर्खासारखी!" ती रडत होती आणि ओरडतही होती. बाबांनी तिला अडवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं असेल.

मग त्यांनी फोन काढला, शर्यतवाल्यांना लावला आणि नाव मागे घेत असल्याचं सांगितलं. पलीकडून कारण विचारलं असावं. "गाडी तयार नाही," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर बारकीकडे न बघता, "आईला मी सांगतो. तू मध्ये पडू नकोस."

"उद्या सकाळी डॉक्टरांकडे."

"हो."

"पुढच्या महिन्यात नाही."

"हो म्हटलं ना!" जरासा जुना आवाज निघाला आणि लगेच बसला. ते दार धरून उतरले आणि गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला आले. "ऊठ. पाना आज मीही फिरवलाय. नियमाने मी शेजारी बसतो."

पायाला पट्टी बांधून झाल्यावर बारकीने गाडी बाहेर काढली. खरंच भयंकर कडक होती. घराच्या वाटेवरचा प्रत्येक खड्डा कमरेत चढत होता. पातळ बूट बाबांच्या मांडीवर होते.

"सोमवारी सगळं काढ," बाबा म्हणाले. "जुने शॉकअप आहेत ना?"

"ठेवलेत."

"तेच लाव. उगाच शिक्षा झाली तिला."

पाण्याच्या टाकीपाशी रस्ता एकदम डावीकडे वळतो. ते वळण जवळ आलं तेव्हा तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. बाबांचा उजवा पाय पुढे सरकला होता आणि जिथे काहीच नव्हतं तिथे, मोकळ्या पत्र्यावर, ब्रेक असल्यासारखा जोर लावून दाबत होता. तिने त्यानंतर क्षणभराने ब्रेक मारला. उशीर झाला होता, पुढची चाकं कुरकुरली.

"बाबा, पाय," ती म्हणाली.

"काय झालं पायाला?" त्यांनी दचकून विचारलं.

"काही नाही."

पुढच्या वळणाला तो पाय पुन्हा पुढे सरकला, आणि त्याच क्षणी तिनेही ब्रेक दाबला.