फ्लोराइडविरोधी चहा

न्यू जर्सीत मला गाडी शिकवली ती शेजारच्या डॉरथीने. आमच्या त्र्यंबकरावांनी पहिल्याच धड्याला हँडब्रेक असा काही घट्ट धरून ठेवला, की मी भर रस्त्यात खाली उतरले आणि पायी घरी आले. डॉरथी मात्र शेजारी बसून खुशाल विणकाम करायची. सबंध गावात माझी म्हणावी अशी ती एकच मैत्रीण. तिच्यावर माझा फार जीव होता, हे सरळच सांगते.

मी तिला चहा शिकवला. आलं, वेलदोडा, दूध आणि भरपूर पत्ती. शिवाय आमच्या घरात नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही, खरंच नको असेल तर कपावर आडवा हात ठेवावा लागतो, हेही शिकवलं. तोंडी नकाराला मी कधी दाद दिलेली नाही.

चौऱ्याऐंशी साली टाऊनशिपने, म्हणजे आमच्या गावच्या नगरपालिकेने, मुलांचे दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालायचं काढलं. नोव्हेंबरात त्यावर मतदान होतं. डॉरथी विरोधात उभी राहिली. घरोघर फिरली, लोकांच्या अंगणात पाट्या रोवल्या. तिचं स्वयंपाकघर दुरुस्तीला काढलेलं होतं, म्हणून तिने विचारलं, आमच्या विरोधकांची मीटिंग तुमच्याकडे घेऊ का? मी हो म्हणून मोकळी झाले.

पंचाईत अशी, की त्र्यंबकराव केमिस्ट. शिवाय फ्लोराइडच्या बाजूचे, आणि गप्प बसणं त्यांच्या कुंडलीतच नाही.

“अहो, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही,” मी बजावलं. “मला इथे दुसरी मैत्रीण नाहीये. तुमची केमिस्ट्री लॅबमध्ये ठेवा.”

“अगं, पण कोणी टोटली राँग बोललं तरी?”

“तरी.”

मीटिंगला हॉल भरला. डॉरथीने मोठ्या बाटल्यांतून झऱ्याचं पाणी आणलं होतं, फ्लोराइडचा संशयसुद्धा नको म्हणून. त्याच पाण्याचा मी चहा केला आणि कप रिकामा दिसेल तिथे ओतत सुटले. लोक भाषणं करत होते आणि मिटक्या मारत चहा पीत होते. त्र्यंबकराव कोपऱ्यात ओठ मिटून लालबुंद होत होते. शेवटी ते स्वयंपाकघरात पळाले. मागोमाग जाऊन बघते, तर सिंकला धरून हसताहेत.

“अगं, चहाच्या पत्तीत नॅचरलीच फ्लोराइड असतं. टाऊनशिप कपभर पाण्यात जेवढं अॅड करणार ना, त्याच्याहून जास्त तुझ्या या कडक चहात असणार.”

त्यांना शपथ घालून मी बाहेर आले, तर डॉरथी जाहीर करत होती, की शनिवारच्या जत्रेत आपण हाच चहा वाटू आणि वर पाटी लावू, ‘शंभर टक्के फ्लोराइडमुक्त’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

विरुद्ध बाजूला गावातला डेंटिस्ट होता, त्याला तर आयतंच कोलीत मिळालं असतं. सांगावं तर मैत्रीण दुखावणार, न सांगावं तर भर जत्रेत तिचं हसं होणार. रात्रभर मी स्वतःवर, डॉरथीवर आणि विनाकारण त्र्यंबकरावांवर चिडत राहिले.

सकाळी तिला बोलावलं, समोर चहा ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, “त्र्यंबकला हे कालच माहीत होतं? आणि तो गप्प बसला?”

“मी शपथ घातली होती.”

ती इतकी हसली, की डोळे पुसायला तिला रुमाल शोधावा लागला. मग गंभीर झाली. “पण लता, माझं मत बदललेलं नाही. चहा मी मागून घेते. नळाचं पाणी मला विचारतं का? मला न विचारता माझ्या कपात कुणी काही घालावं, हेच मला चालत नाही.”

“खरंय गं,” मी म्हणाले. आणि पाहते तर बोलता बोलता मी तिचा कप पुन्हा काठोकाठ भरला होता. सवयीने, न विचारता.

दोघींनी कपाकडे पाहिलं. मी किटली धरून तशीच उभी. डॉरथीने हात उचलला. पण तो हात कपावर आडवा आला नाही. तिने कपाचा कान धरून तो उचलला.

“जत्रेत आपण लिंबू सरबत ठेवू,” ती म्हणाली आणि एक मोठा भुरका मारला.