बुंदीचं डोहाळजेवण

तात्यांचं म्हणणं एवढंच होतं की मेंढीचं डोहाळजेवण कुणी करत नाही. सुलूचं म्हणणं त्याहून सोपं होतं : मग आपण करू.

वाणगावजवळच्या त्या चिकूच्या वाडीत सुलूचा शब्द खाली पडत नसे, आणि बुंदीच्या बाबतीत तर मुळीच नाही. भातकापणी झाली की घाटावरचे मेंढरंवाले दरवर्षी शेतात कळप बसवायला येत. दोन वर्षांपूर्वी जाताना त्यांनी आई मेलेलं, तपकिरी ठिपक्यांचं एक कोकरू सुलूच्या पदरात टाकलं. सुलूने त्याला बाटलीने दूध पाजलं, चुलीपाशी निजवलं, बुंदी म्हणून हाक मारली. लेक सुरतेला नांदायला गेली, मुलगा दुबईला गेला, आणि घरात हाकेला ओ देणारी बुंदीच काय ती उरली. तिचे यजमान तात्याही ओ देत, पण तिसऱ्या हाकेला. यंदा कळप आला तेव्हा बुंदी चार दिवस माहेरी राहिली आणि येताना गोड बातमी घेऊन आली.

सुलू बोटांवर सातवा महिना मोजत बसली होती. वाडीतल्या खोलीत भाड्याने राहणारी रखमाबाई हे ऐकून हसून लोळायची बाकी राहिली. ती पारनेरकडच्या धनगराची लेक, नवऱ्याच्या बोईसरच्या नोकरीपायी इकडे आलेली. "काकू, मेंढी पाच महिन्यात विती. सातव्याची वाट बघाल, तर पिल्लूच पंगतीला बसंल!"

"मग येत्या रविवारीच उडवून देऊ बार," सुलू म्हणाली.

"लोक हसतील," तात्या म्हणाले.

लोक हसलेच, पण येऊन हसले. अंगणात बायकांची ही झुंबड! बुंदीच्या गळ्यात मोगऱ्याचा हार, पाठीवर हिरवा खण. वाणगावच्या बाजारातली कासारीण टोपली घेऊन बसली आणि ज्या त्या बाईच्या हातात हिरव्या बांगड्या भरू लागली. तेवढ्यात तात्या चिकूचा क्रेट उचलायला तिथून गेले, आणि कासारणीने त्यांचा हात धरला.

"तात्या, तुमी तर होणारे आजोबा. शकुनाची एक घाला की!"

ते नाही म्हणेपर्यंत बांगडी मनगटावर गेलीसुद्धा. ना दाबावं लागलं, ना साबण.

"अगो बाय, सव्वादोनच्या मापाचा हात! नव्या नवरीचा असतो असा!"

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. सुलूच्या डोळ्यांतून पाणी आलं. 'हातात बांगड्या भर' ही बाप्याला द्यायची शिवी, आणि इथे तर ती खरोखरच भरली होती. तात्यांनी बांगडी टोपलीत टाकली. "आजपासून ती मेंढी न् तू," असं म्हणून ते वाडीच्या टोकाला पंपाच्या खोलीकडे चालते झाले. सुलूला जरा चुकल्यासारखं झालं, पण गाणी सुरू झाली आणि ती विसरली.

मग पेढा की बर्फीचा खेळ. झाकलेल्या दोन वाट्या बुंदीपुढे ठेवल्या. बुंदीने तोंड फिरवलं. पुढच्या पायाने जमीन उकरली, बसली, उठली, मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत राहिली.

"लाजते हो पोरगी!" सुलू म्हणाली.

"नाय गो, दिष्ट लागली," एक शेजारीण म्हणाली. लगेच मीठ-मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. सगळ्यांना ठसका लागला, बुंदीला काही फरक नाही.

रखमाबाई वड्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि जागीच थांबली. "काकू, हितं ओलं कशानं झालं?"

"मघाशीच झालं. मला वाटलं तिने बादली सांडली."

"बादली कुठली, पाणमोट फुटली!" रखमाबाईने ताट ठेवलं, शेपटी उचलून पाहिलं. इवलंसं नाक दिसत होतं आणि एक खूर. एकच. "पिल्लू म्होरले दोन्ही पाय पुढं करून येतं, सूर मारल्यागत. ह्याचा एक पाय मागं दुमडलाय. ती किती का कळा देईना, ते सुटायचं न्हाई. उशीर झाला तर पिल्लू जाईल, मग हीपण."

गाणी थांबली.  सुलू बुंदीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. हिला काही झालं तर या घरात हाक मारायची कुणाला?

गुरांच्या डॉक्टरांना फोन लागला. ते लांब कोळगावात होते. निघतो म्हणाले, पण थांबू नका, पाय आत्ताच सरळ करा, पहिलटकरीण आहे, हात लहान हवा.

हात! रखमाबाईने वांगी चिरताना विळीवर बोट कापून घेतलेलं, हाताला ही जाड पट्टी. सुलूची पुतणी भाविका, हात लहान, पण कालच बोईसरच्या पार्लरमध्ये इंचभर नखं चिकटवून आलेली. "ह्या नखांनी आत फाडशील बाय," रखमाबाईने तिला मागे सारलं. सुलूचा स्वतःचा हात पावणेतीनचा, आणि बाकीच्या बायकांत अडीचच्या खाली एकही नाही.

कासारीण टोपलीत बघत हळूच म्हणाली, "सव्वादोनचा आणखी एक हात हाय ना."

सुलू शालू खोचून वाडीतून धावत सुटली. "अहो!"

तात्या पहिल्याच हाकेला उठले. तिचा आवाजच तसा होता.

"मी?" सगळं ऐकून ते म्हणाले. "मला सुरमई कापलेली बघवत नाय, सुलू!"

"मग डोळे मिटा. आत तसंही काय दिसणार हाय?"

कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन, वर खोबरेल चोपडून तात्या गुडघ्यांवर बसले. डोळे खरंच मिटलेले. रखमाबाई कानाशी सांगू लागली. "कळ आली का थांबा. गेली का डोकं हळूच मागं लोटा. आता मानेवरनं खांद्यावर या. गावला खांदा?"

"गावला."

"तसंच खाली. गुडघा. खूर गावला का मुठीत झाका, न्हाईतर आत लागंल."

कळ आली आणि तात्या ओरडले, "आई गो, हात मोडला!" हसू आलं, पण कुणी हसलं नाही. सुलू बुंदीच्या कानात बोलत राहिली, आणि नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसत राहिली.

"आला," तात्या पुटपुटले. "पाय आला बाहेर."

"आता कळ दील तवाच ओढा. सरळ न्हाई, खाली, जमिनीकडं!"

सर्रकन एक ओला गोळा तात्यांच्या मांडीवर येऊन पडला. हलेना. रखमाबाईने त्याचं नाक-तोंड पुसलं, पेंढ्याची काडी नाकात फिरवली, गोणपाटाने खसखसा चोळलं.  कोकरू शिंकलं.

असा गिल्ला उठला की झाडावरची वटवाघळं भरदुपारी उडाली! तो थांबतो न थांबतो, तोच बुंदीने आणखी एक कळ दिली आणि दुसरं पिल्लू आपलं आपण, कुणालाही तसदी न देता, बाहेर आलं. नर आणि मादी. बुंदी दोघांना चाटू लागली. "पेढा न् बर्फी दोनी!" भाविका नाचत ओरडली, आणि नावंही तीच पडली. डॉक्टर आले तेव्हा दोघंही आईचा चीक पीत होते. डॉक्टरांनी बुंदीला तपासलं, एक इंजेक्शन दिलं आणि पंगतीला बसले.

तात्या हात धुऊन आले. सरळ कासारणीपुढे बसले आणि हात पुढे केला. "घाल."

कुणाला खरं वाटेना. कळांनी आवळून आवळून हात असा सुजला होता की मघाशी सहज गेलेली बांगडी आता साबण लावून दाबून घालावी लागली. आणि मग ती काही केल्या निघेना.

"बांगडी वाढवू का?" सुलूने विचारलं. तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता. इतकी वर्षं या हाताने कमावलेलं खाल्लं, पण तो एवढा लहान आहे हे तिने नीट पाहिलंच नव्हतं. तिला रडू आलं.

"राहू दे," तात्या म्हणाले. "संध्याकाळी स्टेशनावर चहाला जायचंय मला."

"लोक हसतील."

"विचारतील तरी," तात्या म्हणाले, "मग सांगता येल."