तिसरा रकाना

मी संशयी आहे. सत्तावीस वर्षं मुलांना शिकवल्यावर माणूस एक तर संत होतो नाहीतर संशयी, आणि संतपद मला कोणी देऊ केलं नाही. एखादं पोर आपणहून फळा पुसायला आलं की मी आधी त्याचे खिसे बघते. अख्खा वर्ग एकदम गप्प झाला तर माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच म्हणून समजा. आमचे हे म्हणतात, "तू शाळेत नाही, पोलीस ठाण्यात शोभली असतीस." म्हणू देत. माझा संशय सहसा चुकत नाही. या वेळीही चुकला नाही, आणि तेच मला अजून सलतंय.

यंदा माझ्याकडे चौथीचा वर्ग. अडतीस डोकी, त्यातलं एक म्हणजे भिंगरी. हे नाव मीच ठेवलेलं, कारण पोरगी एका जागी टिकायची नाही. भिंतीकडच्या रांगेत तिसऱ्या बाकावर बसायची. भाषेचा तास सुरू झाला की हिच्या अंगात यायचं. कधी पुढचीची वेणी ओढ, कधी कंपासपेटी धाडकन खाली पाड, कधी मांजरासारखं ओरड. मग मी दाराकडे बोट दाखवायची आणि ती निमूट बाहेर जायची. तो निमूटपणाच मला खटकायचा. बाहेर काढलं की पोरं रडतात, गयावया करतात, निदान दाराशी घुटमळतात तरी. ही मात्र गाडी चुकेल अशा घाईने निघायची.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावर पहिलीच्या वर्गातून वस्तू जायला लागल्या. आधी खडू गेले, मग एक पाटी, मग अक्षरओळखीचं पुस्तक. पहिलीच्या बाई नव्या, तरुण, त्यांना वाटलं आपलंच कुठेतरी पडलं असेल. मी त्यांना म्हटलं, "वस्तूंना पाय फुटत नाहीत." शिपाईमामांकडे चौकशी केली तर ते म्हणाले, "चौथीतली एक मुलगी दिसते बुवा तिकडे, तासाच्या वेळेला." घोडं कुठे पेंड खातंय ते मला तिथेच कळलं.

सोमवारी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. आमच्या शाळेत मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात, त्या माझ्यापेक्षा वयाने लहान असल्या तरी.

"तिच्या दोन तक्रारी आधीच आहेत," फाईल चाळत त्या म्हणाल्या. "चोरीची तिसरी आली तर मी दाखला हातात देईन. शुक्रवारपर्यंत लेखी अहवाल द्या. पण विचार करून लिहा हं. तिची आई मागच्या खेपेला काय म्हणाली, आठवतंय ना?"

आठवत होतं. लाँड्रीत इस्त्री करणारी ती बाई, घामाने चिंब, उभ्या उभ्या म्हणाली होती, "पुन्हा बोलावलंत तर हिला काढतेच शाळेतून. येईल माझ्यासोबत कपड्यांच्या घड्या घालायला." आणि ती धमकी नव्हती. दमलेली माणसं धमक्या देत नाहीत, सांगतात तसं करतात.

अहवालाला निरीक्षणवही जोडायची होती. नुकतंच आमचं एक प्रशिक्षण झालं होतं, त्यात मुलांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या एका गोड आवाजाच्या बाईंनी ती वही दिली होती. तीन रकाने: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. "मूल उगाच काही करत नाही," असं त्या सारखं म्हणत होत्या. अडतीस पोरं एका खोलीत घेऊन त्यांनी एक दिवस काढावा, मग बोलावं, असं मी शेजारणीच्या कानात म्हटलं होतं. पण वही भरली. पुरावा म्हणून भरली, अभ्यास म्हणून नाही.

मागच्या पंधरवड्याच्या नोंदीही आठवून आठवून लिहिल्या, आणि बुधवारी संध्याकाळी घरी वाटाणे सोलता सोलता वही पुढ्यात घेतली. पहिल्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच: वाचन चालू. आमच्याकडे वाचन बाकाच्या क्रमाने चालतं, एकाने एक परिच्छेद वाचायचा. भिंगरीचा उपद्रव नेमका तिच्या रांगेतल्या दुसऱ्या बाकाचं वाचन चालू असताना सुरू व्हायचा. आणि तिसऱ्या रकान्यात माझ्याच अक्षरात, खालपर्यंत: वर्गाबाहेर काढलं. वर्गाबाहेर काढलं. वर्गाबाहेर काढलं.

"बघा!" मी यांना म्हटलं. "हिला बाहेर जायचंच असतं. मी शिक्षा म्हणून काढते आणि बाईसाहेब तिकडे हात साफ करतात."

"पण वाचनालाच का?" हे म्हणाले. "गणिताला का नाही ओरडत मांजर?"

"तुम्ही वाटाणे सोला."

गुरुवारी मी सापळा लावला. दुसऱ्या बाकाचं वाचन सुरू झालं आणि वेळापत्रक पाळल्यासारखी भिंगरीची पट्टी वर्गभर उडत गेली. मी दाराकडे बोट दाखवलं. ती गेली. मी बाकीच्यांना शुद्धलेखन दिलं, मॉनिटरला उभं केलं आणि चपला हातात घेऊन जिना उतरले. हो, चपला हातात घेऊन. या वयात.

पहिलीच्या वर्गामागे पाण्याची टाकी आहे. टाकी आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा, आणि तिथेच त्या वर्गाची बुटकी खिडकी. भिंगरी खिडकीखाली उकिडवी बसली होती. मांडीवर पाटी, पाटीखाली पुस्तक, मुठीत खडू. सगळा मुद्देमाल एकत्र. मी तिचं मनगट धरलं.

"सापडलीस!"

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंद झाला. शुद्ध, निर्मळ आनंद.

ती रडली नाही. हात सोडवायलाही बघितलं नाही. नुसती कुजबुजली, "बाई, हळू बोला ना. आत ऐकू जाईल."

आत बारकी पोरं एका सुरात ओरडत होती, काना, मात्रा, वेलांटी. मी पाटीकडे पाहिलं. तेच सगळं तिथे गिरवलेलं, वाकडंतिकडं, पुसून पुसून पुन्हा काढलेलं. चौथीतल्या पोरीने. माझा हात आपोआप सैल झाला.

"हे वाच," मी पुस्तकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

दोन अक्षरी शब्द तिने लावला. तीन अक्षरी लावताना तिच्या कपाळावर घाम आला. जोडाक्षरापाशी ती थांबली आणि माझ्याकडे न बघता टाकीच्या नळाकडे बघत राहिली.

"मग वर्गात का नाही सांगितलंस?"

"वाचायची पाळी आली की सगळ्यांना कळेल. हसतील." ती नाक पुसत म्हणाली. "तुम्ही बाहेर काढता तेच बरं. मग पोरं वांड म्हणतात. वांड चालतं बाई. ढ नाही चालत."

"आणि तीन वर्षं काय केलंस? पहिलीत कोण होतं तुला?"

"तुम्हीच होतात की."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आज वार कोणता, इतक्या साधेपणाने तिने ते सांगितलं. "मी शेवटच्या बाकावर बसायचे. सगळे म्हणायचे तेव्हा ओठ हलवायचे."

मला ती आठवेना. कितीही डोळे मिटले तरी त्या वर्षीच्या शेवटच्या बाकावर मला कोणीच दिसेना. त्या वर्षीचे सगळे टारगट मला आजही नावानिशी आठवतात, कोणी कोणाच्या डब्यात खडू टाकला तेही आठवतं.

मधल्या सुट्टीत कपाटातून जुनी नोंदवही काढली. तिच्या नावापुढे माझी सही आणि माझाच शेरा: शांत. काही त्रास नाही. अख्ख्या वर्गाच्या गप्प बसण्यावर संशय घेणारी मी, एका पोरीच्या गप्प बसण्यावर मात्र शेरा मारून मोकळी झाले होते. पुढच्या बाईंनी माझा शेरा वाचला असेल, त्यांच्या पुढच्यांनी त्यांचा. मला लाज वाटली. इतकी, की शिपाईमामांनी आणलेला चहा तसाच गार झाला.

अहवाल दोन प्रकारे लिहिता आला असता. एकात चोरी होती, साक्षीदार होता, मुद्देमाल होता, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. तो लिहिला असता तर सोमवारी पोरगी घड्या घालायला गेली असती आणि मला कोणी काही विचारलं नसतं. ती गोष्ट माझ्या मनात आली नाही असं म्हणणार नाही. बराच वेळ पेन उघडून बसले होते.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी अहवाल दोनदा वाचला.

"चोरी झाली की नाही, ते सांगा."

"झाली. पाटी पहिलीची, पुस्तक पहिलीचं. तिची पहिली व्हायचीच राहिलीये. मी होते तिच्या वर्गावर, मी शिकवलं नाही तिला. आणि आता ती आपापली शिकायला बघते, तर मी तिला चोर म्हणून धरून आणतेय."

"बाई, हे लेखी फाईलला लागेल. तुमच्या फाईलला."

"लागू दे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर कुठल्या तरी वर्गात पाढे चालले होते. "आईला बोलावणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "दाखला आत्ता तरी थांबवते. रोज शाळा सुटल्यावर एक तास, तुम्ही स्वतः. सत्र संपलं की मी तिला इथे उभी करून वाचायला लावणार. नाही जमलं तर मग मला दुसरा विचार करावा लागेल."

मी हो म्हटलं. जिना चढताना लक्षात आलं की खरी अडचण पुढेच आहे. एखादीला रोज थांबवून शिकवायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्गभर बोभाटा, आणि मग ती येणारच नाही. टाकीमागच्यासारखी दुसरी जागा शोधेल.

म्हणून वर्गात शिरले ती तावातावाने. टेबलावर डस्टर आपटलं आणि भिंगरीला उभं केलं.

"काल पट्टी फेकलीस ना? आजपासून रोज शाळा सुटल्यावर एक तास थांबायचं. सत्र संपेपर्यंत. शिक्षा!"

"ओऽऽ," वर्गाने एक सूर काढला. भिंगरीने माझ्याकडे रोखून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग पाय आपटून ओरडली, "मी नाही थांबणार, जा!"

इतकं झकास ओरडली की क्षणभर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घंटा झाली. पोरं तिच्याकडे आदराने बघत बघत पांगली. मी वही, पेन्सिल काढून पहिल्या बाकावर ठेवली. ती दप्तर छातीशी धरून दारातच उभी.

"बाई, बाहेर कोणी नाही ना?"

"कोणी नाही."

"शपथ?"

"शपथ."

माझ्यावर विश्वास ठेवायला तिच्याकडे तसं काही कारण नव्हतं. ती स्वतः जिन्यापर्यंत जाऊन बघून आली, दाराला आतून कडी लावली, आणि मगच दप्तर खाली ठेवलं.